झेड टेबल उघडायच्या आधी चित्र काढा : संभाव्यतेपासून नॉर्मल वितरणापर्यंत, पायरी पायरीने

सेकंड इयरला स्टॅटच्या पेपरात मी एका गणिताचं उत्तर १.४३३२ लिहून आलो होतो. संभाव्यता, आणि १ च्या वर! तपासणाऱ्या सरांनी त्याभोवती लाल गोल काढून शेजारी नुसतं एक उद्गारचिन्ह टाकलं होतं, आणखी काही लिहायची गरजही नव्हती म्हणा. ती चूक नेमकी कुठून आली ते पुढे सांगतो, कारण माझ्याकडे शिकायला येणारी पोरं अजूनही तीच करतात, आणि गंमत म्हणजे फॉर्म्युला त्यांना तोंडपाठ असतो.

तर हा लेख बीकॉम, बीएस्सी, बीबीए करणाऱ्यांसाठी, मानसशास्त्राला स्टॅट आलं म्हणून धसका घेतलेल्यांसाठी, आणि डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स लावून पहिल्याच आठवड्यात अडकलेल्यांसाठी. मराठी पुस्तकात प्रसामान्य वितरण, प्रमाण विचलन असे शब्द दिसतील, मी इथे बोलताना जे म्हणतो तेच वापरतोय, नॉर्मल आणि एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन). वही-पेन्सिल घेऊन बसा, नुसतं वाचून हे डोक्यात राहत नाही.

आधी छेद पक्का करा

संभाव्यता म्हणजे हव्या असलेल्या शक्यता भागिले एकूण शक्यता, हे दहावीत सगळ्यांनी पाठ केलंय. त्यात एक अट गुपचूप बसलेली असते, त्या एकूण शक्यता सारख्याच वजनाच्या हव्यात. दोन नाणी उडवली तर दोन्ही छापा, एक छापा, किंवा एकही नाही, म्हणजे तीन प्रकार, म्हणून प्रत्येकी १/३, असं कोणी म्हटलं तर काय चुकलं? एक रुपयाचं नाणं आणि एक पाच रुपयाचं घ्या. रुपयावर छापा आणि पाचावर काटा हे एक, रुपयावर काटा आणि पाचावर छापा हे दुसरं. म्हणजे शक्यता चार, आणि ‘एकच छापा’ची संभाव्यता २/४. हसू नका, १८ व्या शतकात डॅलेंबर्टसारखा दिग्गज फ्रेंच गणिती याच जातीच्या प्रश्नात घसरला होता, दोनदा नाणं उडवून निदान एकदा छापा यायची संभाव्यता त्याने ३/४ ऐवजी २/३ सांगितली.

म्हणून सवय लावा, वस्तू दिसायला सारख्या असल्या तरी मनात त्यांना वेगवेगळा रंग द्या. एक लाल फासा, एक निळा फासा. मग ३६ घरांचा तक्ता काढा आणि बेरीज ७ येणारी घरं मोजा, ६ मिळतील, म्हणजे १/६. बेरीज २ चं घर एकच. तक्ता काढायला दोन मिनिटं लागतात पण पुढे हाच तक्ता परत लागणार आहे, तेव्हा फेकू नका.

किंवा, आणि, निदान

गणितात हे तीन शब्द दिसले की त्यांच्याखाली रेघ मारायची, अर्धं गणित तिथेच सुटतं.

‘किंवा’ आलं की बेरीज, पण दोनदा मोजलेलं वजा करून. पत्त्याच्या कॅटमधून एक पान काढलं, ते राजा किंवा बदाम असण्याची संभाव्यता किती? राजे ४, बदाम १३, बदामराजा दोन्हीकडे मोजला गेला म्हणून एक वजा, १६/५२ म्हणजे ४/१३. ‘आणि’ आलं की गुणाकार, पण पहिली गोष्ट घडल्यावर दुसरीचा छेद बदलतो का ते बघून. दोन पानं काढली आणि दोन्ही एक्के निघाले, तर पहिल्याला ४/५२, दुसऱ्या वेळी कॅटमधे ५१ पानं आणि ३ एक्के उरलेत, म्हणून ३/५१. गुणाकार १/२२१. पहिलं पान परत ठेवून पिसलं असतं तर १/१६९ आलं असतं. ‘परत ठेवून’ की ‘परत न ठेवता’ हे प्रश्नात बारीक अक्षरात असतं आणि तिथेच मार्क जातात.

‘निदान एक’ दिसलं की मात्र उलट्या बाजूने जायचं. एकही नाही याची संभाव्यता काढा आणि १ मधून वजा करा. फासा चार वेळा टाकून निदान एकदा ६? एकदाही न येण्याची संभाव्यता ५/६ चा चौथा घात, म्हणजे ६२५/१२९६. वजा केलं की ६७१/१२९६, साधारण ०.५१८, निम्म्याच्या किंचित वर. दोन फासे २४ वेळा टाकून निदान एकदा सहा-सहाची जोडी यायची संभाव्यता मात्र ०.४९१, निम्म्याच्या किंचित खाली. १६५४ मधे पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितींचा जो पत्रव्यवहार झाला, ज्याच्यापासून या विषयाची सुरुवात मानतात, त्याच्या मागे जुगाराच्या डावातले असलेच प्रश्न होते.

लुडो खेळताना कोणाची तरी सोंगटी दहा-दहा डाव घरातच बसते आणि तो चिडतो, फासाच खराब आहे म्हणतो. दहा वेळा टाकून एकदाही ६ न येण्याची संभाव्यता ५/६ चा दहावा घात, म्हणजे ०.१६ च्या आसपास. दर सहा-सात जणांत एकाच्या वाट्याला हे येणारच, फाशाची काही चूक नाही. आणि अकराव्या वेळी ‘आता तर आलंच पाहिजे’ असंही नाही, फाशाला मागचं आठवत नाही, तेव्हाही १/६ च.

एक घोळ इथेच मिटवून टाकू. परस्पर वर्जक आणि स्वतंत्र हे दोन शब्द पोरं एकच समजतात. परस्पर वर्जक म्हणजे एक घडलं की दुसरं घडूच शकत नाही, एकाच नाण्यावर एकदम छापा आणि काटा. म्हणजे एकाची बातमी कळली की दुसऱ्याबद्दल सगळंच कळलं. स्वतंत्र म्हणजे एकाची बातमी कळून दुसऱ्याबद्दल काहीच कळत नाही. म्हणजे एकच तर सोडाच, जवळपास उलट गोष्टी आहेत.

घंटा कुठून येते

वर्गात सहसा असं होतं की सर फळ्यावर एकदम घंटेसारखा वक्र काढतात आणि त्याखाली ई, पाय आणि वर्गमूळ असलेला एक भयंकर फॉर्म्युला लिहितात. तो आकाशातून पडत नाही, स्वतः मोजून बघा.

मघाचा दोन फाशांचा तक्ता घ्या. बेरीज २ ते १२ पर्यंतची घरं मोजली तर १, २, ३, ४, ५, ६, ५, ४, ३, २, १. सरळ छप्पर झालं. आता तिसरा फासा वाढवा, २१६ शक्यता, बेरीज ३ पासून पुढे मोजली की १, ३, ६, १०, १५, २१, २५, २७, आणि मग परत २७, २५, २१ अशी उतरत. छपराचं टोक गोल झालं आणि दोन्ही पाय बाहेर पसरले. एका फाशाला सपाट, दोनाला छप्पर, तीनाला घंटा, बस. अनेक छोट्या छोट्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या गोष्टींची बेरीज झाली की बेरजेला हा आकार येतो, मधल्या बेरजेला पोचायच्या वाटा खूप असतात आणि टोकाला जायची वाट एकच.

नाण्यांचंही तसंच. दहा नाण्यांच्या १०२४ शक्यतांपैकी बरोबर पाच छापे २५२ वेळा, चार किंवा सहा प्रत्येकी २१० वेळा, दहाही छापे फक्त एकदा. नाणी वाढवत गेलं की ही मोजणी हाताने अशक्य होते, म्हणून द म्वाव्र नावाच्या माणसाने १७३३ मधे त्याऐवजी एक गुळगुळीत वक्र वापरायची युक्ती काढली. हा फ्रान्स सोडून लंडनला आलेला, गणिताच्या शिकवण्या घेऊन पोट भरणारा माणूस, त्यामुळे आम्हा क्लासवाल्यांना त्याच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी. पण नाव झालं जर्मन गणिती गाउसचं. त्याने १८०९ मधे आकाशातल्या ग्रहांच्या मोजमापातल्या चुकांसाठी हा वक्र वापरला, आणि युरो यायच्या आधीच्या जर्मनीच्या दहा मार्कच्या नोटेवर त्याच्या फोटोशेजारी हा वक्र छापलेलाही होता.

म्यू, सिग्मा आणि क्षेत्रफळ

वक्र कुठे उभा आहे ते म्यू सांगतो, म्हणजे सरासरी. किती पसरट आहे ते सिग्मा सांगतो, म्हणजे एसडी. हे दोन आकडे कळले की पूर्ण वक्र कळला, तिसरं काही नाही. म्यू बदलला की घंटा सरकते, सिग्मा वाढला की बसकी होते.

संभाव्यता म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ, एकूण १. वक्राची उंची म्हणजे संभाव्यता नव्हे, हे इथेच मनात घट्ट करा. म्हणूनच ‘बरोबर ५०३ मिली’ याची संभाव्यता शून्य येते, रेघेला क्षेत्रफळ नसतं, विचारायचं ते नेहमी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’. म्यूच्या दोन्ही बाजूंना एक सिग्मा गेलं की ६८ टक्के, दोन सिग्मा ९५ टक्के, तीन सिग्मा ९९.७ टक्के. हे तीन आकडे पाठ करायचे, उत्तर वेडंवाकडं आलंय का ते यांच्यावरूनच ओळखता येतं.

आता खरं गणित, दुधाच्या पिशवीचं

समजा अर्धा लिटरच्या पिशव्या भरणारं मशीन आहे. मशीन दर वेळी नेमकं ५०० मिली भरू शकत नाही, थोडं इकडेतिकडे होतंच, म्हणून सेटिंग ५०३ वर ठेवलंय. म्यू ५०३, सिग्मा २, वितरण नॉर्मल (आकडे माझे आहेत, कुठल्या डेअरीचे नाहीत). प्रश्न: किती पिशव्यांत ५०० पेक्षा कमी दूध जाईल?

पहिलं काम चित्र. घंटा काढा, मधे ५०३ लिहा, डावीकडे ५०१, ४९९, उजवीकडे ५०५, ५०७ असे सिग्मा-सिग्माने आकडे टाका. ५०० वर उभी रेघ मारा आणि तिच्या डावीकडचा भाग पेन्सिलीने गिरवा. आता टेबल न बघताच कळतंय की गिरवलेला भाग बारीक शेपटी आहे, उत्तर ०.५ च्या बरंच खाली यायला हवं. हे पाऊल पोरं टाळतात, वेळ वाचवायला म्हणे.

मग झेड. झेड म्हणजे आपला आकडा म्यूपासून किती सिग्मा लांब आहे. आकडा वजा म्यू, भागिले सिग्मा: (५०० − ५०३) ÷ २ = −१.५. दीड सिग्मा डावीकडे.

आता टेबल, आणि इथेच माझं उद्गारचिन्ह. बाजारात झेड टेबल दोन जातीचे आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तकांत मागे छापलेला असतो तो मधल्या रेघेपासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देतो, त्यात १.५ समोर ०.४३३२ दिसेल. इंटरनेटवर सहसा मिळतो तो डाव्या टोकापासून झेडपर्यंतचं सगळं देतो, त्यात १.५ समोर ०.९३३२. मी घरी पहिल्या जातीवर सराव केला होता, ‘टेबलमधला आकडा अधिक ०.५’ हे हाताला बसलेलं, आणि परीक्षेत दुसऱ्या जातीचं टेबल आलं. ०.९३३२ अधिक ०.५, १.४३३२, पुढचा प्रश्न. टेबल हातात आलं की पहिल्यांदा झेड शून्यासमोर काय लिहिलंय ते बघा. ०.०००० असेल तर पहिली जात, ०.५००० असेल तर दुसरी. पाच सेकंदाचं काम.

वक्र दोन्ही बाजूंना सारखा म्हणून −१.५ च्या डावीकडची शेपटी आणि १.५ च्या उजवीकडची शेपटी एकच. पहिल्या टेबलने ०.५ − ०.४३३२ = ०.०६६८. दुसऱ्या टेबलने १ − ०.९३३२, तेच. म्हणजे हजारात साधारण ६७ पिशव्या कमी भरणार.

‘५०२ ते ५०६ मधे किती’ असं विचारलं तर दोन झेड, −०.५ आणि १.५. चित्रात मधली रेघ या दोघांच्या मधे आहे, म्हणून पहिल्या टेबलवरून दोन तुकड्यांची बेरीज, ०.१९१५ + ०.४३३२ = ०.६२४७. दोन्ही झेड एकाच बाजूला असते तर वजाबाकी केली असती. बेरीज की वजाबाकी हे पाठ करू नका, चित्रात दिसतं.

उलटं गणित, जे कारखान्यात खरं लागतं

मालक विचारतो, हजारात ६७ नकोत, शंभरात एकच चालेल, सेटिंग किती ठेवू? इथे क्षेत्रफळ माहीत आहे, ०.०१, आणि झेड शोधायचाय. टेबल उलटा वाचायचा, आकड्यांच्या पोटात ०.४९ च्या जवळचं घर शोधायचं (किंवा दुसऱ्या टेबलमधे ०.९९), मिळेल २.३३. शेपटी डावीकडे आहे म्हणून −२.३३. वजा चिन्ह टेबल देत नाही, चित्र देतं. मग म्यू = ५०० + २.३३ × २ = ५०४.६६ मिली.

म्हणजे दर पिशवीत साडेचार मिलीहून जास्त दूध फुकट. आता मशीन नीट करून सिग्मा २ चा १ केला तर? म्यू ५०२.३३ पुरतो. पिशवीमागे २.३३ मिली वाचलं, लाख पिशव्यांमागे २३३ लिटर. सिग्मा कमी करायला कंपन्या इतका खर्च का करतात ते मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा या एका भागाकाराने जास्त कळलं.

एक्सेलमधे करताना

नॉर्म डॉट डिस्ट नावाचं फंक्शन आहे, कंसात क्रमाने आकडा, म्यू, सिग्मा आणि शेवटी ट्रू. ते डाव्या टोकापासूनचं क्षेत्रफळ देतं, दुसऱ्या जातीच्या टेबलसारखं, आणि झेड काढायचीही गरज नाही. शेवटी चुकून फॉल्स टाकलं तर ते क्षेत्रफळ नाही, वक्राची उंची देतं. आपल्याच गणितात ट्रूने ०.०६६८ येतं आणि फॉल्सने ०.०६४८, इतकं जवळ की कोणाला संशयही येऊ नये. उलट्या गणिताला नॉर्म डॉट इन्व्ह, त्यात ०.०१, ०, १ टाका, −२.३२६ मिळेल.

मोजलेल्या आकड्यांना अर्धा सरकवा

१०० नाणी, ६० किंवा जास्त छापे यायची संभाव्यता? म्यू ५०, सिग्मा म्हणजे १०० × ०.५ × ०.५ चं वर्गमूळ, ५. सरळ ६० टाकलं तर झेड २, उत्तर ०.०२२८. पण छापे मोजून येतात, ५९ नंतर एकदम ६०, मधे काही नाही, आणि खांबांचा आलेख काढला तर ६० चा खांब ५९.५ पासून सुरू होतो. म्हणून ५९.५ टाका, झेड १.९, उत्तर ०.०२८७. खरं मोजून उत्तर ०.०२८४ येतं, म्हणजे अर्ध्याने केवढा फरक पडला बघा. दुधाला हे करायचं नाही, दूध मोजून येत नाही, मापून येतं.

एक पिशवी आणि २५ पिशव्यांची सरासरी

एका पिशवीत ५०२ पेक्षा कमी दूध असण्याची संभाव्यता, झेड −०.५, ०.३०८५. तीनातली एक जवळजवळ. आता २५ पिशव्या घेऊन त्यांची सरासरी काढली तर? सरासरीचा सिग्मा २ नसतो, २ भागिले २५ चं वर्गमूळ, म्हणजे ०.४. झेड −२.५, संभाव्यता ०.००६२. कमी भरलेल्या आणि जास्त भरलेल्या पिशव्या एकमेकींना सांभाळून घेतात म्हणून सरासरी फार हलत नाही. त्यामुळे प्रश्नात ‘सरासरी’ शब्द नमुन्याबद्दल आलाय का ते बघायचं, आला की वर्गमूळाने भागायचं. हे विसरलं की पूर्ण गणित गेलं, पद्धतीचे मार्कही कोणी देत नाही.

कुठे वापरू नये

नॉर्मल म्हणजे ‘सर्वसाधारण’ असं नाव पडल्यामुळे लोक तो कशालाही चिकटवतात. पगाराला चिकटत नाही, थोड्यांचे पगार इतके मोठे की उजवी शेपटी लांबच लांब जाते आणि सरासरी तिच्यामागे ओढली जाते. रोजच्या पावसाला तर अजिबात नाही. मुंबईत वर्षातले बहुतेक दिवस कोरडे, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. रोजच्या पावसाची सरासरी आणि एसडी काढून नॉर्मल वक्र बसवला तर तो असा दिवस कधीच येणार नाही म्हणेल, आणि वर शून्याच्या डावीकडे म्हणजे उणे पावसालाही संभाव्यता देईल.

सीईटीच्या पर्सेंटाइलचाही गोंधळ असतो. पर्सेंटाइल काढताना झेड वगैरे काही नसतं, तुमच्या सत्रात तुमच्याइतके किंवा कमी मार्क असलेले शेकडा किती, एवढंच. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत, आणि ९८ वरून ९९ ला जायला मार्क सहसा कितीतरी जास्त लागतात, शेपटीत माणसं विरळ असतात म्हणून.

जाता जाता एक तुम्ही करा. सेटिंग ५०३ च, मशीनची दुरुस्ती होऊन सिग्मा १.५ झाला, हजारात किती पिशव्या ५०० च्या खाली? उत्तर साधारण २३. तुमचं ९७७ आलं असेल तर चुकीची बाजू गिरवली. ४७७ आलं असेल तर टेबलमधला आकडा तसाच उचलला, ०.५ मधून वजा करायचा राहिला. आणि १४७७ आलं असेल तर या, बसा माझ्या शेजारी.